हप्ता आधी की गिलावा?

दिवाळीचा बोनस हाती पडतो, एखाद्या विमा पॉलिसीची मुदत भरते, किंवा गावाकडच्या जमिनीचा भावाभावांतला वाद एकदाचा मिटून आपला वाटा खात्यावर जमा होतो. रक्कम फार मोठी नसते. दोन लाख, तीन लाख, फार तर पाच. पण ती आली की मध्यमवर्गीय घरात एक वाद हमखास उभा राहतो. ‘हे पैसे कर्जात भरून टाकू, तेवढंच ओझं कमी’ असे एकाचे म्हणणे, तर ‘आधी घराकडे बघा, मोरीची भिंत बघवत नाही’ असे दुसऱ्याचे. बहुतेक घरांत पहिला आवाज पुरुषाचा असतो, दुसरा बाईचा. आणि बहुतेक घरांत पहिलाच आवाज जिंकतो, कारण त्याच्या हातात आकडे असतात.

डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीच्या सोसायटीचा खजिनदार म्हणून गेली काही वर्षे मी हा वाद अनेक दारांतून ऐकत आलो आहे. खजिनदाराकडे लोक दोन कारणांनी येतात. एक, बँकेला लागणारा कसला तरी दाखला हवा असतो म्हणून. दुसरे, वरच्या मजल्यावरचे पाणी आपल्या छतातून ठिबकते म्हणून. एकाच कुटुंबाची ही दोन्ही कामे एकाच वर्षात निघाली की त्या घरातल्या पैशाची दिशा आपोआप कळते. या अनुभवातून माझे एक मत बनले आहे. कर्ज मुदतीआधी फेडणे शहाणपणाचे आहे यात शंका नाही. पण आपण फक्त बँकेलाच सावकार समजतो, ही आपल्या हिशेबातली खरी चूक आहे. ज्या घरासाठी कर्ज काढले ते घरही आपला सावकार असते आणि त्याचा व्याजदर बँकेपेक्षा कितीतरी चढा असतो.

आधी बँकेची बाजू पुरती मांडू, कारण ती भक्कम आहे.

आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने घर बांधले ते बहुधा निवृत्तीच्या आगेमागे, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून. कर्ज ही लपवण्याची गोष्ट होती. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदार माणसाला तरुणपणीच घर घेता येईल अशी वाट हळूहळू रुळली. नव्वदच्या दशकात व्याजाचे दर आजच्या मानाने बरेच चढे होते, मुदतीआधी पैसे भरले तर वर दंडही द्यावा लागे. आज घरासाठी कर्ज काढणे ही लाजेची बाब राहिलेली नाही. पण कर्जाविषयीची ती जुनी धास्ती आपल्या रक्तात शिल्लक आहे, आणि तिला आकड्यांचा आधारही आहे.

समजा ४० लाखांचे कर्ज आहे, मुदत वीस वर्षे, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता होतो ३४ हजार ७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८ हजार ३३३ रुपये निव्वळ व्याजात जातात, मुद्दल कमी होते फक्त ६ हजार ३८० रुपयांनी. पाच वर्षे इमानेइतबारे हप्ते भरल्यावर बँकेत साधारण २० लाख ८३ हजार रुपये गेलेले असतात आणि तरीही ३५ लाख २५ हजार देणे शिल्लक असते. वीस वर्षांत मूळ ४० लाखांवर ४३ लाखांहून अधिक व्याज भरावे लागते. हे तक्ते पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाची झोप उडाली तर नवल नाही.

आता पाचव्या वर्षाअखेरीस तीन लाख रुपये एकरकमी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या १८० हप्त्यांपैकी सुमारे २८ हप्ते कमी होतात. म्हणजे तीन लाख भरून पुढचे सुमारे नऊ लाख ७० हजार वाचले. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेच तीन लाख भरून मुदत तशीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता सुमारे २ हजार ९५० रुपयांनी उतरतो, आणि पंधरा वर्षांतली एकूण बचत जेमतेम पाच लाख ३० हजार भरते. म्हणून भरणा करताना ‘मुदत कमी करावी, हप्ता कायम ठेवावा’ असे बँकेला लेखी द्यावे. पगाराची ओढाताण असेल तरच हप्ता उतरवावा.

बदलत्या व्याजदराच्या, म्हणजे फ्लोटिंग, गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने तो २०१२ साली बंद केला. त्यामुळे भरण्याला अडसर नाही. शिवाय मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा काय झाले तेही अनेकांच्या लक्षात असेल. पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाख घेणाऱ्याचा हप्ता होता ३० हजार ४१५ रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला की त्याच रकमेवरचे महिन्याचे नुसते व्याजच ३० हजार ८३३ रुपये होते. म्हणजे कर्ज ताजे असेल तर सगळा हप्ता व्याजालाही पुरेना. अनेकांचे हप्ते तेवढेच राहिले आणि मुदत मात्र गुपचूप लांबत निवृत्तीच्या पलीकडे गेली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा. आणि वाटेल तेव्हा थोडी किंवा पूर्ण परतफेड करण्याची मुभा त्याला द्या. नंतर २०२५ मध्ये दर पुन्हा खाली आले. पण दर उतरला म्हणून लांबलेली मुदत आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. ज्यांनी आपला खातेउतारा अलीकडे पाहिला नसेल त्यांनी तो जरूर मागवावा.

‘कर्ज ठेवले तर करात सूट मिळते’ हे कारणही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते, आणि तीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते; पण तिथेही तीस पैसे कर वाचवण्यासाठी एक रुपया व्याज भरायचे, हा व्यवहार कौतुकाचा नव्हेच. मुदत ठेवीच्या व्याजावर कर भरावा लागतो. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे साडेआठ टक्के बिनकराचे, बिनजोखमीचे उत्पन्न मिळवणे. इतके सगळे एका पारड्यात टाकल्यावर ‘आधी कर्ज’ म्हणणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

दोष आकड्यांत नाही. दोष असा की, या हिशेबात घर नावाची वस्तू जशीच्या तशी राहते असे गृहीत धरलेले असते.

घर तसे राहत नाही. मोरीच्या फरशीखालचा कोबा कुठेतरी फुटतो आणि पाणी स्लॅबमध्ये झिरपू लागते. पहिल्या वर्षी खालच्या घरातल्या छतावर एक पिवळट डाग दिसतो. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटतात. पाणी सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, स्लॅबला तडे जातात, त्या तड्यांतून आणखी पाणी शिरते, आणि एके दिवशी गिलाव्याचा थर खाली येतो. पहिल्या वर्षी हे काम मोरीची फरशी उचलून नीट वॉटरप्रूफिंग करण्याचे आणि पाणी साठवून तपासण्याचे होते. चौथ्या वर्षी सळया घासा, गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टर भरा, खालच्या शेजाऱ्याचे छत करून द्या आणि त्याचे टोमणेही ऐका, असे चौपदरी काम होते. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे समजून घ्यायला बँकेत जायची गरज नाही. गळकी मोरी पुरेशी आहे.

वायरिंगचेही तेच. ऐंशीच्या दशकातल्या इमारतींचे वायरिंग दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक इस्त्री एवढ्या बेताने केलेले होते. त्याच तारांवर आज गीझर, एसी, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन चालते. बटणाची पट्टी गरम लागते, जळका वास येतो, आणि आपण ती बटणे वापरणे बंद करून पुढे जातो. अर्थिंग आहे की नाही हे कित्येक घरांत कुणी तपासलेलेच नसते.

आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने सलग तीन वर्षे साठलेला पैन्‌पैसा कर्जात भरला. शिस्त वाखाणण्यासारखी होती. मोरीची गळती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिली. शेवटी खालच्या घरातला गिलावा पडला, सुदैवाने दुपारी, खोलीत कुणी नसताना. काम तातडीचे झाले आणि हाताशी पैसे नव्हते, कारण ते बँकेत भरलेले. बँकेत भरलेला पैसा परत मिळत नाही. मिळते ते नवे कर्ज. त्यांनी चौदा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढले. तीन लाखांवर पाच वर्षांसाठी चौदा टक्के म्हणजे महिन्याला ६ हजार ९८० रुपये आणि एकूण एक लाख १९ हजार रुपये व्याज. साडेआठ टक्क्यांचे देणे लवकर मिटवण्यासाठी त्यांनी चौदा टक्क्यांचे देणे ओढवून घेतले. त्यात तीन वर्षांत वाढलेला दुरुस्तीचा खर्च आणि शेजाऱ्याशी कायमचे आलेले वितुष्ट धरलेले नाही.

हाच रोग सोसायट्यांनाही आहे. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का घ्यायचा असतो. चाळीस वर्षांपूर्वी एका सदनिकेचा बांधकाम खर्च एक लाख रुपये धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला होतात हजार रुपये. महिन्याला ८३ रुपयांत इमारत टिकवायची! सर्वसाधारण सभेला हे दर वाढवता येतात. पण तसा ठराव मांडून पाहा; हप्त्यांनी पिचलेले सभासद आधी उभे राहतात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे, असे तेच उपविधी सांगतात. कित्येक ठिकाणी तो अहवाल कपाटात असतो आणि पाणी भिंतीत. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-मोरीची गळती संबंधित सदनिकाधारकांनी, एवढी वाटणी स्पष्ट असूनही ‘हे तुमचे, ते आमचे’ यात पावसाळे निघून जातात.

इथवर बहुतेक जण मान डोलावतील. गळती आणि वीज तातडीची, हे पटायला जड नाही. खरा प्रश्न पुढे आहे: घरातले कुठले काम गरजेचे आणि कुठले हौसेचे, हे ठरवते कोण?

आपल्याकडे स्वयंपाकघर हौसेच्या खात्यात मोडते. ओटा बुटका आहे, पाठ दुखते. नळाला धार नाही. भांडी वरच्या फळीवरून स्टुलावर चढून काढावी लागतात. धूर जायला वाट नाही. ‘कर्ज फिटलं की पहिलं काम तुझ्या ओट्याचं’ असे वचन दिले जाते, आणि ते दहा-पंधरा वर्षे टिकते. रोज तीन-चार तास त्या ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईची कंबर कुठल्याच तक्त्यात येत नाही. जो त्या ओट्यापाशी उभा राहत नाही त्यानेच तो हौसेचा ठरवलेला असतो. म्हाताऱ्या आईवडिलांच्या मोरीचे तसेच. गुळगुळीत फरशी बदलणे, भिंतीला आधाराची दांडी लावणे, बसक्या संडासाजागी कमोड घेणे, ही कामे काही हजारांची. ती पुढे ढकलल्यावर एकदा पाय घसरला तर खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल लाखांत जाते, आणि माणूस अंथरुणाला खिळतो तो वेगळाच. घरातल्या माणसाच्या शरीरावर जे काम रोज भार टाकते ते गरजेचे, असा साधा नियम लावला तर अनेक घरांतल्या याद्या उलट्यापालट्या होतील.

याचा अर्थ जो खर्च दिसेल तो करत सुटावे असा नव्हे. मोरीच्या कामाला हात घातला की कारागीर सुचवतो, ‘आता सगळंच उकरलंय तर हॉलचं पण करून घ्या.’ मग फॉल्स सीलिंग येते, भिंतीवर लाकडी पट्ट्या येतात, टीव्हीमागे दगडी सजावट येते, आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो. पैसे कमी पडले की बँक गृहकर्जावरच वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, देऊ करते. दर वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो, म्हणून ते स्वस्त वाटते. पण तीन लाख नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर परतफेड होते जवळजवळ पाच लाख ४८ हजार. ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या सातव्या-आठव्या वर्षी कुरकुरू लागतात, हप्ता मात्र पंधराव्यापर्यंत चालू. ज्या वस्तूचे आयुष्य कर्जाच्या मुदतीहून कमी, तिच्यासाठी एवढ्या लांब मुदतीचे कर्ज घेऊ नये. टॉप-अप घ्यावेच लागले तर ते गळतीसाठी, वायरिंगसाठी घ्यावे आणि तीन-चार वर्षांत मिटवावे.

आणखी एक प्रश्न मुंबई-ठाणे-पुण्यात आधी विचारावा: इमारत पुनर्विकासाला जाणार आहे काय? सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनाने जानेवारी २००९ मध्ये पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आणि जुलै २०१९ मध्ये ती सुधारली. सोसायटीची पावले त्या दिशेने पडत असतील तर ग्रॅनाइट आणि इटालियन फरशी म्हणजे पाडायच्या भिंतीला चांदीचा वर्ख. अशा घरात सुरक्षेपुरती डागडुजी करावी आणि उरलेला पैसा कर्जात भरावा. भिंत पाडली तरी कर्ज पडत नाही. मात्र ‘पुनर्विकास होणारच आहे’ म्हणून धोक्याच्या स्लॅबकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. ती बोलणी वर्षानुवर्षे चालतात. स्लॅब थांबत नाही.

तेव्हा तीन लाख हाती आले तर माझ्या मते क्रम असा असावा. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला राहील, हे आधी पाहावे. नंतर पाणी आणि वीज. त्यानंतर घरातल्या माणसांच्या शरीराला रोज त्रास देणारी कामे. मग कर्ज, आणि ते मुदत कमी करण्याच्या लेखी सूचनेसह. शोभा सगळ्यात शेवटी, आणि ती साठवलेल्या पैशातून. कामाचा अंदाज घेताना ‘सगळे मिळून अमुक’ असा ठोक आकडा न घेता कलमवार दर आणि मापे लिहून घ्यावीत. फरशी उकरल्यावर खाली काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून अंदाजाच्या पाचवा हिस्सा तरी जादा धरावा. काही बँकांत कर्जखात्याला जोडलेले ओव्हरड्राफ्ट खाते मिळते. त्यात शिल्लक ठेवली तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ती काढताही येते. दर किंचित जास्त असला तरी दुरुस्ती दारात उभी असलेल्या कुटुंबाला ही सोय उपयोगाची आहे.

‘कर्ज असेपर्यंत झोप लागत नाही’ असे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांच्या काटकसरीवरच या शहरांतली निम्मी घरे उभी आहेत. कर्ज पुरे फिटण्याचा आनंदही मोठा असतो. मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करावीत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. त्या दिवशी सोसायटीच्या दप्तरातली बोज्याची नोंदही आठवणीने काढून घ्यावी. पण कागद हाती येतील तेव्हा त्यांत लिहिलेले घर राहण्याजोगे असायला हवे, आणि ज्यांच्यासाठी ते घेतले त्या माणसांच्या कंबरा, गुडघे, खुबे धड असायला हवेत. म्हणून पुढच्या वेळी घरात हा वाद निघेल तेव्हा बँकेचा तक्ता जरूर समोर ठेवावा. मात्र तो वाचण्याआधी मोरीच्या भिंतीला हात लावून पाहावा, आणि ओट्यापाशी जी उभी असते तिला विचारावे की तिच्या यादीत पहिले काय आहे.